बेलिफ दारात आला तर काय करायचं, काय टाळायचं

गावात बेलिफ, म्हणजे कोर्टाचे कागद बजावणारा आणि हुकूम अमलात आणणारा माणूस, आला की बहुतेक घरी दोनपैकी एक गोष्ट होते. कर्ता माणूस मागच्या दारानं वावरात निघून जातो, नाहीतर ओसरीवर बाचाबाची सुरू होते. दोन्हींत नुकसान घरच्यांचंच. निघून गेलेल्याच्या दारावर कागद चिकटतो आणि बजावणी झाली असं धरलं जातं. भांडणाऱ्यावर सरकारी कामात अडथळा आणल्याचा गुन्हा दाखल होऊ शकतो. तालुक्याच्या कोर्टात वकिली करताना मला सगळ्यात जास्त खंत याची वाटते की कायद्यानं कास्तकाराला संरक्षण पुष्कळ दिलं आहे, पण ते मागायची वेळ निघून गेल्यावर माणूस आमच्या टेबलापाशी येतो.

एक गोष्ट पक्की धरून चाला. बेलिफाचा अधिकार त्याच्या हातातल्या कागदाएवढाच असतो. तो तारीख वाढवू शकत नाही, रक्कम कमी करू शकत नाही, तुमची बाजू ऐकून निकाल फिरवू शकत नाही. त्याच कारणानं कागदात न सांगितलेली कोणतीही कारवाईही तो करू शकत नाही. तो दिवाणी न्यायालयाचा कर्मचारी, नाझराच्या, म्हणजे बजावणीचं काम पाहणाऱ्या कोर्टातल्या अधिकाऱ्याच्या, देखरेखीखाली काम करणारा. काय केलं, कधी केलं, कोणासमक्ष केलं हे लिहून तो कोर्टाला अहवाल देतो आणि पुढचं बरंचसं त्या अहवालावर चालतं. म्हणून वाद कोर्टात घालायचा. बेलिफासमोर कामं दोनच: कागद नीट वाचणं, आणि अहवालात खरी हकीकत उतरेल हे पाहणं.

पहिली पायरी: आलेला माणूस बेलिफच आहे का?

आपल्याकडे वसुलीच्या नावानं दारात येणारे बरेच आहेत आणि गावात सगळ्यांना सरसकट 'कोर्टाचा माणूस' म्हणतात. आधी ओळखपत्र मागा. "भाऊ, कोणत्या कोर्टाकडून आलात, दरखास्त नंबर काय?" एवढं विचारलं तर खऱ्या बेलिफाला राग येण्याचं कारण नाही. दरखास्त म्हणजे निकालाचा अंमल करून मागणारा कोर्टातला अर्ज, आणि तो करणारा तो दरखास्तदार.

सहकारी पतसंस्थेचा किंवा सोसायटीचा वसुली अधिकारी दिवाणी कोर्टाचा नसतो. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम १०१ खाली निबंधकाकडून वसुलीचा दाखला मिळतो आणि त्यावर तो कलम १५६ व नियम १०७ प्रमाणे काम करतो. त्याला जप्तीचा अधिकार आहे, पण दाद मागायची जागा वेगळी आहे. बँकेचा प्राधिकृत अधिकारी २००२ च्या सरफेसी कायद्याखाली, म्हणजे थकलेल्या कर्जाचं तारण ताब्यात घेण्याच्या कायद्याखाली, येतो. या कायद्यातून शेतजमिनीवरचं तारण वगळलेलं आहे, हे वावर तारण ठेवलेल्या प्रत्येकानं माहीत करून घ्यावं. जमीन महसुलाच्या थकबाकीसाठी तहसील कार्यालय कारवाई करतं. पोटगीच्या फौजदारी आदेशाचं वॉरंट पोलीस घेऊन येतात.

फायनान्स कंपनीची मोटारसायकलवर येणारी पोरं आणि सावकाराची माणसं यांच्याकडे मात्र जप्तीचा कोणताही न्यायालयीन अधिकार नसतो. घरात शिरून वस्तू उचलायचा हक्क त्यांना नाही. सावकारानं कर्जापोटी जमीन लिहून घेतली असेल तर २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियमाखाली जिल्हा उपनिबंधकाकडे अर्ज करता येतो. तिथे चौकशी होते आणि व्यवहार सावकारीचा ठरला तर जमीन परत मिळू शकते.

एक प्रकार हल्ली वाढला आहे. ट्रॅक्टरचं किंवा गाडीचं कर्ज थकलं, कंपनीनं दूरच्या शहरात लवादाकडून, म्हणजे कोर्टाबाहेर नेमलेल्या पंचाकडून, निवाडा घेतला, आणि आता आपल्याच जिल्ह्यातल्या कोर्टाचा बेलिफ दारात उभा. "आमच्यावर तर केसच झाली नव्हती," असं घरचे म्हणतात. लवादाचा निवाडा १९९६ च्या लवाद कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे हुकूमनाम्यासारखाच, म्हणजे दिवाणी कोर्टाच्या निकालासारखाच, अमलात येतो. त्याला आव्हान द्यायची मुदत निवाड्याची प्रत मिळाल्यापासून ३ महिने, आणि पुरेसं कारण दाखवलं तर त्यापुढे फार तर ३० दिवस. म्हणून लवादाची नोटीस पोस्टानं आली तर ती कोनाड्यात ठेवून देऊ नका.

दुसरी पायरी: कागद वाचा, पाठीमागूनही

समन्स, नोटीस, जप्ती वॉरंट, ताबा वॉरंट आणि अटक वॉरंट या पाच वेगळ्या गोष्टी आहेत. समन्स किंवा नोटीस घेऊन आलेला बेलिफ काहीही उचलायला आलेला नसतो. जप्ती वॉरंटवर तुमच्या घराचा ताबा घेता येत नाही आणि ताबा वॉरंटवर भांडीकुंडी जप्त होत नाहीत.

वॉरंटवर कोर्टाचा शिक्का, न्यायाधीशाची किंवा अधिकृत अधिकाऱ्याची सही आणि तारीख असली पाहिजे. दिवाणी प्रक्रिया संहिता, १९०८ (पुढे नुसतं कलम, आदेश किंवा नियम म्हटलं की ते याच संहितेतलं) च्या आदेश २१ नियम २४ प्रमाणे आणखी दोन तारखा लागतात: कोणत्या दिवसापर्यंत अंमल करायचा, आणि कोणत्या दिवसापर्यंत वॉरंट कोर्टात परत करायचं. अंमलाची मुदत उलटून गेलेली दिसली तर तसं तोंडी म्हणून थांबू नका, अहवालात लिहून घ्यायला सांगा. नाव, वडिलांचं नाव, गाव, रक्कम, गट नंबर तपासा. एकाच आडनावाची पाच घरं असलेल्या गावात चुकीच्या घरी कागद जाणं अजिबात नवलाचं नाही.

कागदाचा फोटो काढून ठेवा. त्यावरचा प्रकरणाचा १६ अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांक ई-कोर्ट्सच्या ॲपमध्ये टाकला की प्रकरण खरं आहे का, पुढची तारीख कधी, हे बसल्या जागी कळतं.

तिसरी पायरी: समन्स घ्या

समन्स घेतलं म्हणजे देणं कबूल केलं, हा गावातला सगळ्यात महागडा गैरसमज आहे. सही फक्त कागद मिळाल्याची असते. तुम्ही घरी नसाल आणि लवकर भेटण्याची शक्यता नसेल तर घरातल्या कोणत्याही सज्ञान माणसाला, बाईला किंवा पुरुषाला, समन्स देता येतं. सालदाराच्या किंवा नोकराच्या हाती दिलेलं चालत नाही, कारण नोकर कुटुंबातला धरला जात नाही. नाकारलं तर आदेश ५ नियम १७ प्रमाणे बेलिफ दारावर प्रत चिकटवतो आणि घर कोणी दाखवलं, कोणासमक्ष चिकटवलं हे नावानिशी लिहितो. शिवाय आता एन-स्टेप या व्यवस्थेमुळे बेलिफाच्या मोबाईलवरून जागेचा फोटो आणि ठिकाण नोंदवलं जातं. तेव्हा "घरी आलाच नव्हता" हे खोटं सांगून टिकत नाही. बेलिफानं खरोखर गावात न येता शेरा मारला असेल तर ते उघडं पाडणंही आता सोपं झालं आहे.

समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत लेखी जबाब द्यायचा असतो. कोर्ट कारण नोंदवून ही मुदत ९० दिवसांपर्यंत वाढवू शकतं. गैरहजर राहिलात तर एकतर्फी हुकूमनामा होतो. तो रद्द करायचा अर्ज ३० दिवसांत, आणि समन्सच रीतसर बजावलं नसेल तर निकाल कळल्यापासून ३० दिवसांत करता येतो.

चौथी पायरी: वेळ, दार आणि तालुका

सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयाआधी बेलिफाला राहत्या घरात शिरता येत नाही. कलम ५५ मध्ये अटकेसाठी आणि कलम ६२ मध्ये जप्तीसाठी हे स्पष्ट लिहिलेलं आहे. घराचं बाहेरचं दार तो एकाच परिस्थितीत तोडू शकतो: घर ऋणकोच्याच, म्हणजे ज्याच्याकडून वसुली करायची त्याच्याच, ताब्यात असेल आणि तो आत येऊ देत नसेल. भावाच्या किंवा सासऱ्याच्या घरात माल ठेवला आहे या नुसत्या संशयावर त्यांचं दार तोडता येत नाही. मात्र रीतसर आत आल्यावर ज्या खोलीत माल असल्याचं सबळ कारण असेल त्या खोलीचं दार त्याला उघडता येतं. चारचौघांत न येण्याची रीत पाळणारी बाई खोलीत असेल तर तिला बाहेर पडायला सूचना आणि पुरेसा वेळ द्यावा लागतो.

आता हद्द. कलम ३९(४) सांगतं की कोर्टाच्या स्थानिक हद्दीबाहेरच्या माणसावर किंवा मालमत्तेवर ते कोर्ट हुकूमनाम्याचा अंमल करू शकत नाही. नागपूरच्या कोर्टाचा निकाल असेल आणि वावर वणी तालुक्यात असेल, तर हुकूमनामा त्या हद्दीच्या कोर्टाकडे वर्ग व्हावा लागतो आणि तिथला बेलिफ येतो. बाहेरगावचा बेलिफ थेट आला तर वर्ग झाल्याचा हुकूम पाहायला मागा.

पाचवी पायरी: काय जप्त होतं आणि काय नाही

हा भाग सावकाश वाचा. घरात एखादा शिकणारा पोरगा असेल तर त्याच्याकडून मोठ्यानं वाचून घ्या.

कलम ६० प्रमाणे नेसते-अंथरायचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, गादी-खाट जप्त होत नाही. धर्माच्या रीतीनं जे दागिने बाईला अंगावेगळे करता येत नाहीत ते जप्त होत नाहीत, म्हणजे मंगळसूत्राला हात लावता येत नाही. सुताराची, लोहाराची हत्यारं सुटतात. शेतकऱ्याची औतं सुटतात: वखर, डवरं, तिफण, नांगर. जनावरं आणि बियाणंही सुटतात, पण इथं कायद्याचे शब्द नीट पाहा. उपजीविकेसाठी *कोर्टाच्या मते* आवश्यक असतील तेवढीच. म्हणजे एका बैलजोडीसाठी अर्ज केला तर सहसा अडचण येत नाही; गोठ्यात आठ म्हशी असतील तर सगळ्या सुटतील या भरवशावर राहू नका. बेलिफानं जोडी जप्तीत लिहिलीच, तर त्याच आठवड्यात अर्ज टाका. पेरणी तोंडावर आहे, सातबारा इतका आहे, दुसरं साधन नाही, हे अर्जात मांडा.

शेतकऱ्याचं आणि मजुराचं राहतं घर, त्याची जागा आणि लगतची वापरातली मोकळी जागाही सुटते. यासाठी शेती किंवा मजुरी हीच उपजीविका असल्याचं दाखवावं लागतं. नोकरीवर असून नावावर दोन एकर असलेल्याला हे सहजी मिळत नाही. त्याच घराचं भाडं थकलं असेल तर सूट नाही, आणि घर गहाण टाकलेलं असेल तर प्रश्न वेगळा, तो वकिलाला कागद दाखवूनच सोडवा. मजुराची मजुरी, मग ती रोख असो वा धान्यात, जप्त होत नाही. पगारदाराचे पहिले १००० रुपये आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश सुटतात, मात्र पोटगीच्या हुकूमनाम्याला हे माप लागू नाही.

वावर मात्र आपोआप सुटत नाही. शेतजमिनीची जप्ती आणि लिलाव होऊ शकतो. आदिवासी खातेदाराची जमीन मात्र जिल्हाधिकाऱ्याच्या पूर्वपरवानगीशिवाय बिगर-आदिवासीकडे जाऊ शकत नाही, अगदी कोर्टाच्या लिलावातसुद्धा. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ३६-अ मध्ये ते आहे. मेळघाट, गडचिरोली, केळापूर या भागांतल्या वाचकांनी हे लक्षात ठेवावं.

कर्ज घेताना "कलम ६० चा फायदा घेणार नाही" असं कोणी लिहून घेतलं असेल तर घाबरू नका. कलम ६०(१-अ) प्रमाणे असा करार रद्दबातल आहे.

उभ्या पिकाची जप्ती करायला बेलिफाला वावरात आणि घराच्या बाहेरच्या दारावर अशा दोन्ही ठिकाणी वॉरंटची प्रत लावावी लागते. कापणी झाली असेल तर खळ्यावर. जप्ती झाली म्हणून निंदण-डवरण थांबवू नका. कोर्टाच्या अटी पाळून पिकाची निगा, कापणी आणि साठवण करायचा तुम्हाला अधिकार आहे. भाजीपाल्यासारखं साठवता न येणारं पीक तोडणीला आलेलं असताना, म्हणजे तोडणीच्या आधीच्या २० दिवसांत, जप्त करता येत नाही. आणि दावा अजून चालूच आहे, निकाल लागलेला नाही, अशा अवस्थेत शेतकऱ्याच्या ताब्यातलं शेतीचं उत्पन्न वादीला जप्त करून मागता येत नाही. आदेश ३८ नियम १२.

सहावी पायरी: पंचनामा

माझ्या मते सगळ्यात जास्त नुकसान इथं होतं, आणि तेही सही करताना. कोऱ्या किंवा अर्धवट भरलेल्या पंचनाम्यावर सही करू नका, अंगठा देऊ नका. पंच म्हणून उभं राहणाऱ्या शेजाऱ्यालाही हेच लागू.

वस्तूचं वर्णन पुरतं लिहून घ्या. 'एक टीव्ही' एवढ्यानं भागत नाही. कंपनी, आकार, चालू की बंद, अंदाजे किंमत. खोलीत कापूस भरलेला असेल तर 'अंदाजे १५ क्विंटल' असं नजरेनं लिहू देऊ नका. काटा मागवा, मोजा, किती गाठोडी, कोणत्या वेचणीचा, ओला की सुका हे उतरवा. पुढे सुपूर्दनाम्यावर, म्हणजे माल सांभाळायला ताब्यात दिल्याच्या कागदावर, तोच आकडा तुमच्या अंगावर येतो. जनावरं, औतं आणि सहज हलवता न येणाऱ्या वस्तू आदेश २१ नियम ४३-अ प्रमाणे ऋणकोच्याच किंवा एखाद्या प्रतिष्ठित माणसाच्या ताब्यात ठेवता येतात. सुपूर्दनाम्यावर सही केली की ती वस्तू मागाल तेव्हा हजर करायची जबाबदारी तुमची. ती विकली तर ऋणको नसलात तरी कोर्ट तुम्हाला विचारणार. जप्तीनंतर केलेली खाजगी विक्री जप्तीखालच्या मागणीपुरती रद्दबातल असते.

घरात भावाची मोटारसायकल किंवा बायकोनं स्वतःच्या कमाईतून घेतलेली शिलाई मशीन असेल तर ती कोणाची आहे हे तिथंच सांगा आणि पंचनाम्यात लिहून घ्या. मग मालकानं स्वतः आदेश २१ नियम ५८ खाली हरकत अर्ज द्यायचा, पावती किंवा आरसी जोडून. मालाची विक्री होऊन गेल्यावर हा अर्ज घेतला जात नाही, म्हणून उशीर नको.

स्थावर मालमत्तेची जप्ती दवंडीनं किंवा रूढ पद्धतीनं पुकारली जाते. हुकमाची प्रत मालमत्तेवर, कोर्टात, शेतसाऱ्याची जमीन असेल तर जिल्हाधिकारी कार्यालयात, आणि गावाच्या हद्दीत असेल तर ग्रामपंचायतीतही लागते. लिलावाच्या जाहीरनाम्यानंतर स्थावराला किमान १५ दिवस आणि जंगमाला ७ दिवस जावे लागतात. बेलिफाला किंवा लिलावाशी कामाचा संबंध असलेल्या कोणालाही बोली लावता येत नाही, दुसऱ्याच्या नावानंही नाही. लिलाव झालाच तरी ६० दिवसांत जाहीरनाम्यातली रक्कम आणि खरेदीदारासाठी बोलीच्या ५ टक्के भरून विक्री रद्द करून घेता येते.

सातवी पायरी: ताबा वॉरंट

ताबा देताना चतुःसीमा बघा. वॉरंटमध्ये जो गट आणि जेवढं क्षेत्र आहे तेवढ्याचाच ताबा. धुरा कुठला यावर वाद असेल तर बेलिफानं अंदाजानं दोरी धरायची नसते. कोर्टाकडून मोजणीचा आदेश मागायचा.

वाटपाच्या दाव्यात तर बेलिफाला शेत वाटून देण्याचा अधिकारच नाही. शेतसाऱ्याच्या जमिनीचं वाटप कलम ५४ प्रमाणे जिल्हाधिकारी किंवा त्यांनी नेमलेले राजपत्रित अधिकारी करतात. भावाभावांच्या वाटपात कोणी बेलिफाला घेऊन हद्दीचा खुंट रोवायला आला तर हे कलम दाखवा.

दाव्यात पक्षकार नसलेला माणूस स्वतःच्या हक्कानं जमीन वाहत असेल तर त्यानं हातापायी न करता लेखी हरकत बेलिफाच्या हाती द्यावी आणि अहवालात नोंद मागावी. मग दरखास्तदाराला आदेश २१ नियम ९७ खाली अर्ज करावा लागतो आणि हक्काचा सगळा प्रश्न त्याच कोर्टात ठरतो. ताबा गेल्यावरच अर्ज करता येतो असं नाही, आधीही येतो, हे सर्वोच्च न्यायालयानं १९९७ मध्ये स्पष्ट केलं आहे. ताबा गेलाच असेल तर नियम ९९ खाली ३० दिवसांत अर्ज करा. बेलिफाला ढकललं, काठी उगारली, तर भारतीय न्याय संहितेची कलमं १३२ आणि २२१ लागतात, आणि मग खरा हक्क असलेला माणूसही जामिनाच्या मागे धावत बसतो.

अटक वॉरंट

पैशाच्या हुकूमनाम्यात बाईला अटक होत नाही, कलम ५६. रक्कम २००० रुपयांपर्यंत असेल तर दिवाणी कैद नाही. २००० ते ५००० पर्यंत जास्तीत जास्त ६ आठवडे, त्यावर ३ महिने. अटकेआधी सहसा कारणे दाखवा नोटीस येते. तिला हजर राहा आणि नापिकी, दुष्काळ, आजारपण, जे खरं असेल ते कागदांसह सांगा. नुसते पैसे दिले नाहीत एवढ्यावर तुरुंगात टाकता येत नाही, ऐपत असून बुडवणूक दिसली पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालयानं १९८० च्या जॉली जॉर्ज वर्गीस प्रकरणात सांगितलं आहे.

पैसे भरताना

कोर्टात भरा किंवा बँकेतून द्या, आणि लेखी पुरावा ठेवा. पारावर पाच माणसांसमोर दिलेली रोकड कोर्ट मानत नाही. कोर्टाबाहेर दिलेल्या रकमेची नोंद आदेश २१ नियम २ प्रमाणे दरखास्तीत झालीच पाहिजे. दरखास्तदार नोंद करत नसेल तर तुम्ही पैसे दिल्यापासून ३० दिवसांत अर्ज करा. पूर्ण रक्कम फेडूनही ही नोंद नसल्यामुळे दुसऱ्यांदा जप्तीला तोंड देणारी घरं या भागात आहेत, आणि ते पाहून जीव तुटतो.

अपील केलं म्हणजे जप्ती थांबली असंही नाही. स्थगितीचा वेगळा हुकूम लागतो, आणि त्याची सहीशिक्क्याची नक्कल खिशात असू द्या.

दरखास्तदारांसाठी थोडं: अंमलबजावणीला हुकूमनाम्यापासून १२ वर्षं मिळतात, पण दोन वर्षांपेक्षा जास्त थांबलात तर आधी समोरच्याला नोटीस द्यावी लागते. बेलिफाचा भत्ता आणि प्रोसेस फी कोर्टात भरून पावती घ्या. पोलीस बंदोबस्त हवा असेल तर तो कोर्टाच्या हुकमानं मिळतो. त्याबाहेर कोणी हातात पैसे मागितले, तुमच्याकडे असोत वा समोरच्याकडे, तर लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ हा क्रमांक आहे.

बेलिफ गेल्यावर दोन-तीन दिवसांत कोर्टात जा आणि त्याच्या अहवालाच्या व पंचनाम्याच्या नकलेसाठी अर्ज करा. काही खोटं लिहिलं असेल तर त्याच प्रकरणात प्रतिज्ञापत्रावर हरकत द्या. कोर्ट बेलिफाची शपथेवर तपासणी करू शकतं. वकील परवडत नसेल तर तालुका विधी सेवा समितीत जा, ती बहुतेक त्याच कोर्टाच्या आवारात असते, किंवा १५१०० ला फोन लावा. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आणि अपंग व्यक्ती यांना उत्पन्न कितीही असलं तरी वकील मोफत मिळतो. जाताना वॉरंटचा फोटो, सातबारा, आठ-अ, आधार आणि पैसे दिल्याच्या जेवढ्या पावत्या सापडतील तेवढ्या सगळ्या सोबत घ्या.